दुसऱ्यांच्या वतीने सहमत

शारजातल्या रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये कुलसुम सरगुरोह सतरा वर्षं दोन नंबरच्या टेबलावर बसत होती. व्हिसा, ओळखपत्र, भाडेकरार, बाळाची नोंदणी, जे असेल त्याचे कागद घेऊन माणूस यायचा आणि ती अर्ज भरायची. प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक चौकोन असतो: मी वरील मजकूर वाचला आहे व तो मला मान्य आहे. त्यावर खूण कुलसुम करायची. गिऱ्हाईक तेव्हा बहुधा फोनवर बोलत असायचं. त्या मजकुरात काय आहे हे कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. सगळ्याच टायपिंग सेंटरांत हे असंच चालतं.

पासपोर्टची प्रत ठरलेल्या आकाराहून मोठी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून तिच्या ब्राउझरमध्ये फाइल लहान करणारा एक प्लग-इन होता. काम सोडून गेलेल्या कुणा टायपिस्टनं तो चारही कॉम्प्युटरवर टाकून ठेवला होता. फुकट होता, चालत होता. जानेवारीतल्या एका सकाळी तो आपोआप बंद झाला आणि स्क्रीनवर सूचना आली: नव्या आवृत्तीला सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी हवी आहे. समोर अकरा माणसं टोकन घेऊन बसली होती. बाकीच्या तिघांनी ती सूचना बंद केली आणि प्रती फोनवर लहान करायला सुरुवात केली. कुलसुमनं ‘अलाऊ’ दाबलं. दिवसभर दुसऱ्यांसाठी दाबायची, तसंच.

तीन आठवड्यांनी मोहिद्दीन परकार आला. जबल अलीच्या बंदरात क्रेन चालवतो, दापोलीकडचा.

“कुलसुमआपा, एका माणसाचा फोन आला. म्हणे इमिग्रेशनमधून बोलतोय, ओटीपी दे. माझा पासपोर्ट नंबर त्याला पाठ. आईचं नाव पाठ. माझ्या बायकोला नाही माहीत इतकं त्याला माहीत.”

“दिला ओटीपी?”

“मी वर केबिनमध्ये होतो. खाली उतरून देतो म्हटलं, तर त्यानंच शिवी दिली. इमिग्रेशनवाले शिव्या देत नाहीत.”

त्या आठवड्यात आणखी दोघं हेच सांगत आले. सेंटरचा मालक अर्सलान हाही रत्नागिरीचाच, पण जन्म शारजाचा. त्यानं दुबईतल्या अल क्वोजहून सुजीत दाते नावाच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. सुजीतनं तिन्ही अर्ज कुठून भरले गेले ते पाहिलं. तिन्ही एकाच कॉम्प्युटरवरून.

“हे टेबल कुणाचं?”

“माझं.”

“हे अलाऊ तुम्ही केलंत, मॅडम?”

“मीच केलं असणार.”

“वाचलं होतं?”

“नाही.”

सुजीतनं आवाज चढवला नाही. प्लग-इन डिसेंबरमध्ये दुसऱ्याच कुणाला तरी विकला गेला होता. ब्राउझरमध्ये उघडलेलं प्रत्येक पान तो आता बाहेर पाठवत होता. “फाइल लहान करायला त्याला एक फाइल पुरते. सगळ्या वेबसाइट कशाला लागतात? एवढंच विचारायचं असतं,” तो म्हणाला. त्यानं प्लग-इन काढला, पासवर्ड बदलायला लावले. बाकीच्या प्लग-इनपैकी जे दोन ठेवले त्यांची परवानगी ‘फक्त क्लिक केल्यावर’ अशी केली. चाळीस मिनिटांत तो गेला.

अर्सलाननं तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. “आपा, कस्टमरला काही बोलायचं नाही. प्लग-इन गेला, खलास.”

“लोकांना फोन येत राहतील.”

“मग मी बाहेर बोर्ड लावू, इथं डेटा गळतो म्हणून?” मग तो म्हणाला, “मेमध्ये तुमच्या व्हिसाचं रिन्यूअल आहे.”

“माहीत आहे.”

कुलसुमचा नवरा आठ वर्षांपूर्वी वारला. मुलगी मरियम बारावीत, तिचा व्हिसा आईच्या व्हिसावर. आईचं काम सुटलं की दोघींना देश सोडायचा.

घरी तिनं मरियमला सांगितलं. मरियमनं पुस्तकातून मान वर केली.

“मम्मा, यू डिडन्ट ईव्हन रीड इट?”

“एवढं कोण वाचत बसतं?”

“दॅट्स लिटरली युअर जॉब.”

कुलसुमनं डाळीखालचा गॅस बंद केला. “तुझे पेपर कधी संपतात?”

“एंड ऑफ मार्च. व्हाय?”

“विचारलं.”

दुपारी एक ते चार सेंटर बंद असतं. दुसऱ्या दिवसापासून त्या तीन तासांत ती फोन करू लागली. नवा प्लग-इन चालू होता त्या दिवसांत तिच्या कॉम्प्युटरवरून गेलेले अर्ज दोनशे सहा माणसांचे होते. सगळ्यांना ती तेच सांगायची: तुमची माहिती माझ्या चुकीनं बाहेर गेली आहे, कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. आठ दुपारी गेल्या. चौघांनी ओटीपी आधीच दिला होता. त्यांना तिनं बँकेत आणि पोलिसांत जायला सांगितलं. त्यातल्या एकानं तिला पाच मिनिटं सुनावलं, ते तिनं ऐकून घेतलं. बाकी बहुतेकांचा प्रश्न एकच होता: माझं काम झालं ना? अजमानच्या मैमुनाबी म्हणाल्या, “ते सगळं तू बघ गो. नातवाचं ओळखपत्र कधी येणार?”

शेवटचा फोन मोहिद्दीनला. एका सूचनेवर न वाचता ‘अलाऊ’ दाबलं गेलं, हेही तिनं त्याला सांगितलं.

“ते अलाऊ कुणी दाबलं, आपा?”

“मी.”

“आमच्या अर्जांवरचे चौकोन पण तुम्हीच दाबता.”

“हो.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. त्याची बस आली होती.

रिन्यूअल होणार नाही, असं अर्सलाननं फेब्रुवारीत सांगितलं. बोलताना तो स्वतःच्या फोनकडे बघत होता. “मी नको म्हटलं होतं, आपा.” ती म्हणाली, “मार्चअखेर पेपर संपतात, मग चालेल.” दोघांनी एप्रिलची दहा तारीख ठरवली.

व्हिसा रद्द करण्याचे अर्जही टायपिंग सेंटरमध्येच भरतात. दहा तारखेला सकाळी कुलसुमनं आपल्याच टेबलावर दोन अर्ज उघडले. आधी मरियमचा, मग स्वतःचा. मुलाबाळांचा रद्द झाल्याशिवाय आईबापाचा होत नाही. दोन्ही पासपोर्टच्या प्रती फोनवरून लहान करून जोडल्या. मरियमच्या अर्जातला चौकोन तिनं सवयीनं भरला. स्वतःच्या अर्जाशी आल्यावर तिनं माउसवरचा हात काढला आणि चष्मा लावून वरचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बराच होता.

“आपा, किती वेळ?” टोकन घेऊन बसलेला एक जण म्हणाला.

“वाचतेय,” ती म्हणाली.

सगळं वाचून झाल्यावर तिनं खूण केली आणि त्याचं टोकन मागितलं. संध्याकाळपर्यंत कामावर होती.