बंद पडलेला टॅब

दुसरीच्या बाई बावीस वर्षं शिकवत होत्या, पण या आठ टॅबनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. चार मुलांना एक टॅब, त्यावर मिळून चित्र काढायचं. कसलं डोंबलाचं मिळून! एक पोर काढायचं आणि तिघं त्याचा हात ओढायची. "बाई, हा देतच नाही!" ऐकून ऐकून बाईंचं डोकं उठलं होतं.

त्यात मागच्या गटाचा टॅब बंद पडला. बाई तणतणत तिथे गेल्या, तर चौघं खडूने फरशीवर एकच मोठं जहाज काढत होती, अजिबात न भांडता. बाईंनी हौसेने त्याचा फोटो मुख्याध्यापकांना पाठवला.

लगेच उत्तर आलं, "छान! पण यात टॅब कुठे दिसत नाही."

बाईंनी दातओठ खात तो बंद टॅब जहाजाशेजारी ठेवला. चौघंही त्याच्यावर तुटून पडली, आणि जहाज त्यांच्या गुडघ्यांखाली पुसलं गेलं.