मारुती उस्तादांचा डावा डोळा

मारुती उस्तादांना मी फसवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, भावाला नाही. आता सांगतोय तेही मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. राग अनावर झालाय म्हणून सांगतोय.

नऊ वर्षं मी उलटं सांगत आलो. चहाच्या टपरीवर विषय निघाला की टेबलावर हात आपटून म्हणायचो, "त्या हत्यारांच्या दुकानदारानं मला फसवलं. चुकीचा माल दिला." ऐकणारे माना डोलवायचे. मला फसवणारा माणूस लातुरात जन्मायचाय, हे त्यांना ठाऊक होतं. तरी माना डोलवायचे. लोक का विचारत नाहीत हो? एकानं तरी विचारायचं, की दिलीप शेठ, खिळासुद्धा भाव पाडल्याशिवाय न घेणारा तू, तुला कुणी काय दिलं आणि तू ते न बघता घेतलंस?

भूकंप झाला तेव्हा मी लोहा गावाहून मजुरीसाठी इकडे आलो. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी. गावंच्या गावं पडली होती आणि वाचलेल्यांसाठी पत्र्याची घरं उभी राहत होती. तिथं रेणापूरचे मारुती उस्ताद अँगलला पत्रे बसवायचे. त्यांनी माझ्या हातात पाना दिला. पण आधी पाना वापरूच दिला नाही.

"दिल्या, दोन आटे बोटानं. बोटानं फिरला तरच बोल्ट सरळ बसला म्हणायचा. मग पाना."

"उस्ताद, येळ लागतो लई."

"लागू दे. आत माणसं झोपणार हायेत. दगडाच्या भिंतीला भिऊन इथं आलेत ती. तुझ्या बोल्टाला पण भ्यावं का त्यांनी?"

दोन आटे बोटानं. एवढ्यावर मी माझा धंदा उभा केला. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. अर्धापूरपासून उदगीरपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊ लागली. वसतिगृहं, खानावळी, गच्चीवर पत्र्याच्या अभ्यासिका — सगळ्यांना लोखंडी काम लागायचं आणि सगळ्यांना निकालाच्या आधी लागायचं. मी शेठ झालो. उस्ताद माझ्याकडं कामाला आले. हो, माझ्याकडं. मला ते आवडायचं.

मग बॅटरीवर चालणारी, नट आवळायची मशीन आली. घोडा दाबला की कडकड कडकड करत हातोड्यासारखे ठोके देते आणि हाताला पाच मिनिटं लागणारं काम डोळ्याची पापणी लवते तोवर करते. तिच्या तोंडाला गोटी लावायची असते — नटावर बसणारी पोकळ टोपी. ती दोन प्रकारची. एक चकचकीत, हातानं फिरवायच्या पान्याची. दुसरी काळी, जाड, ठोके खाणारी. चकचकीत गोटी मशीनला लावली तर ती वाकत नाही, फुटते. हे मला कसं माहीत? दुकानदारानंच सांगितलं होतं. तीनदा.

"शेठ, ही चमकती हातपान्याची हाय. मशीनला काळीच घ्या."

"काळीला जास्त भाव? रंगाचे पैसे घेऊन राहिलास का?"

दुकानात हशा पिकला. मला अजून चेव आला.

"बरं, चष्मा तरी घ्या. कण उडतेत."

"फुकट देतो?"

"फुकट न्हाई जमत, शेठ."

"मग ठेव तुझ्याकडंच. आमचे डोळे काय तुझ्या दुकानातून आणलेत का?"

पुन्हा हशा. जुन्या हातपान्याच्या गोट्या घरात पडल्याच होत्या, त्या मशीनला बसतही होत्या. मी नुसती मशीन घेऊन बाहेर पडलो — जिंकल्यासारखा.

इथपर्यंत सांगायला मला फार जड गेलं नाही. कंजूषपणा कबूल करायला काय लागतं? पुढचं मात्र —

एका वसतिगृहाच्या गच्चीवर अभ्यासिकेचं काम चालू होतं. प्रवेश सुरू झाले होते, मालक दिवसातून चार वेळा जिना चढून येत होता. सकाळी उस्तादांनी मशीनची बॅटरी काढली, गोटी हातात घेतली, उजेडात धरली आणि माझ्याकडं आले. "दिल्या, ही चिरली हाय. केसाएवढी चीर हाय, पण हाय. दुसरी दे."

मी चीर पाहिली. नीट पाहिली. दिसली मला. आणि मी म्हणालो, "आजचा दिवस काढा उस्ताद. म्हातारपणी नखरे नका करू."

त्यांनी गोटी परत मशीनला लावली, बॅटरी चढवली. मग शिडी चढले. बोल्ट बोटानं दोन आटे फिरवला — त्याही दिवशी फिरवला, मी खालून पाहत होतो — आणि मशीन लावली. तिसऱ्या की चौथ्या बोल्टला फटाका फुटावा तसा आवाज आला. उस्तादांनी एका हातानं शिडी धरली आणि दुसरा हात डोळ्यावर ठेवून शिडीच्या एकेक पायरीवरून खाली आले.

त्यांना मीच दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेला. खर्च मी केला, आणि "शेठनं बापासारखं बघितलं" असं लोक म्हणाले, तेही मी ऐकून घेतलं.

पण दवाखान्यातून मी आधी कुठं गेलो? त्याच दुकानात. काळा संच घेतला, चष्मा घेतला. त्यानं सांगितलेला भाव दिला — आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं पैसे दोनदा मोजले. गच्चीवर येऊन मी काळ्या गोट्या मशीनच्या पेटीत ठेवल्या, फुटलेले तुकडे वेचून खिशात घातले, आणि चष्म्याची काच कच्च्या प्लास्टरवर घासली. जुना दिसावा म्हणून. दोन कामगार हे बघत होते. दोघांची चूल माझ्या कामावर पेटायची. ते गप्प बसले, आणि ते गप्प बसणार हे धरूनच मी घासत होतो.

संध्याकाळी दवाखान्यात उस्तादांच्या मुलापुढं तो चष्मा ठेवला. म्हणालो, "हा बघ, दिला होता. घातलाच नाही. आणि बोल्ट तिरका लावला, म्हणून गोटी फुटली."

चांगला डोळाही हलू नये म्हणून उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. चष्मा घेतला. काचेला बोट लावलं नाही. मागचा रबरी पट्टा अंगठ्यानं ताणून पाहिला.

"पट्टा ताठ हाय," एवढंच म्हणाले.

मुलाला काही कळलं नाही. मला कळलं. आठ दिवसांच्या घामानंही तो पट्टा ढिला पडतो. हा कुणाच्या डोक्याला लागलेलाच नव्हता.

ते पुढं काही बोलले नाहीत. बोललो मीच. ज्या माणसानं मला दोन आटे बोटानं शिकवले, त्यानं बोल्ट तिरका लावला, असं मी अख्ख्या लातूरभर सांगितलं. टपरीवर दोष दुकानदाराच्या मालाला, कामावर उस्तादांच्या हाताला — दोन्ही एकदम खरं कसं, हेही कुणी विचारलं नाही. त्यांना कुणी काम देईना. एका डोळ्यानं काम करता आलं असतं, पण कारागिराचं नाव गेल्यावर काय करायचं? आणि मी — नवीन फिटर आला की त्याला मशीन शिकवताना त्यांचाच दाखला देऊ लागलो. चष्मा घाला, नाहीतर त्या म्हाताऱ्यासारखं होईल. लोक म्हणायचे, शेठ कामगारांची लई काळजी घेतो.

गेल्या महिन्यात नवीन वसतिगृहाचं काम घेतलं. फाटकाशी चार फिटरांना उभं करून माझं तेच पुराण चालू होतं. "एक म्हातारा होता. स्वतःला उस्ताद म्हणवायचा. चष्मा खिशात ठेवला, बोल्ट तिरका घातला. डोळा गेला."

"हाव, खरं हाय. मी वळखतो त्याला."

मागून आवाज आला. वॉचमनच्या खुर्चीत मारुती उस्ताद बसले होते, मांडीवर येणाऱ्याजाणाऱ्यांची वही. मी फाटकातून आत आलो तेव्हा वॉचमनकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

"चष्मा घाला बाबांनो," ते फिटरांना म्हणाले. "दोन आटे बोटानं फिरवा. काळीच गोटी लावा, आन् रोज सकाळी बॅटरी काढून ती उजेडात धरा. चीर दिसली की काम बंद. मालक काय बी म्हणू दे, बंद." मग त्यांनी उजवा डोळा माझ्याकडं वळवला. "बरोबर हाय नव्हं, शेठ?"

दिल्या नाही. शेठ.

त्या क्षणी चार माणसं ऐकत होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बरोबर."

तेव्हापासून मी घरात, साइटवर, सगळ्यांवर खेकसतोय. उस्तादांवरही चिडलोय. का नाही शिवी दिली त्यांनी? माझ्या थोतांडाला हो म्हणून त्यांनी त्या चौघांचे डोळे वाचवले, आणि मला तसाच सोडला. शिवी देण्याइतकाही मी त्यांचा कुणी लागत नव्हतो का? दुकानदारावर चिडलो, वसतिगृहाच्या मालकावर चिडलो. सगळ्यांवर चिडून झालं. चीर बघूनही 'आजचा दिवस काढा' असं मात्र त्यांच्यापैकी कुणीच म्हटलं नव्हतं.

त्या डोळ्याचा जाब दिला गेला पाहिजे. त्या डोळ्याचा आणि त्या नावाचाही. त्याच फाटकाशी, त्याच चार फिटरांपुढं, त्या खुर्चीसमोर उभं राहून दिलीप शेठनं तो द्यावा. भाव न करता.