एकोणीस ठिकाणी अडलेली आत्या

माझी आत्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. एकवीस वर्षं तीच लाकडी खुर्ची, आणि स्वभाव खुर्चीपेक्षा कडक. पुस्तकांची नोंद ठेवणारा तिथला प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट, आणि कुणीही आतून उघडून दुरुस्त करावा असा. प्रत्यक्षात दुरुस्त करणारा एकच माणूस होता, दूर कुठेतरी राहणारा. आम्ही त्याला मेकॅनिक म्हणायचो. एक दिवस त्याने सगळ्यांना कळवलं, "मी थकलो. सहा महिन्यांत कुणी मदतीला आलं नाही, तर काम बंद."

आत्याच्या अकरा हजार पुस्तकांचा ठावठिकाणा त्याच प्रोग्रॅमच्या भरवशावर होता.

"मीच जाते मदतीला," ती म्हणाली.

"आत्या, तुला मोबाईलचा अलार्म बदलता येत नाही."

"म्हणूनच शिकते. तू हसून घे, मग चहा टाक."

नव्या लोकांसाठी मेकॅनिकने सहा वर्षांपूर्वीच सूचनांचं एक पान लिहिलं होतं. रोज दुपारी वाचनालय बंद असताना आत्या ते उघडून बसायची आणि अडायची. अडली की कुठे आणि कशी, ते वहीत लिहायची. चौथ्या सूचनेपुढे तर गाडी सरकेचना. 'तयारीची फाइल चालवा,' असं लिहिलेलं, आणि फाइल कुठेच नाही. मेकॅनिकला विचारलं तर उत्तर आलं, 'पानावर सगळं लिहिलंय. नीट वाचा.'

आत्याच्या नाकावर राग असतोच. पण त्या दिवशी ती रडली. मी पाहिलं म्हणून सांगते. "एकवीस वर्षांत एकाही वाचकाला मी असं परत पाठवलं नाही गं," म्हणाली. दुसऱ्या दुपारी पुन्हा बसली.

चौथी सूचना सोडून ती पुढच्या सूचना वाचत गेली. पंधरवड्यात वहीत एकोणीस अडचणी जमल्या. मग तिने मेकॅनिकला व्हिडिओ कॉलवर गाठलं. "कोरा कॉम्प्युटर घ्या. तुमच्याच सूचना मी वाचते. लिहिलंय तेवढंच करायचं, मनचं काही नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, हा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. पहिल्या तीन सूचना त्याने झटक्यात उरकल्या. चौथीला हात थांबला. त्याने शोधलं, चष्मा पुसला, पुन्हा शोधलं. ती फाइल फक्त त्याच्या स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. बाहेर द्यायचीच राहून गेली होती.

"सहा वर्षं," तो पुटपुटला. "मला वाटायचं, लोकांनाच हौस नाही."

"हौस होती. तुम्ही आतून कडी लावून 'या, या' म्हणत होतात."

दोघांनी मिळून पान नव्याने लिहिलं. सोपी दुरुस्ती दिसली की मेकॅनिकने हात लावायचा नाही, नव्या माणसासाठी ठेवायची, असा आत्याचा दंडक. बिचाऱ्याला ते फार जड गेलं. मुदत संपेपर्यंत नऊ जण आले, पाच टिकले, आणि काम बंद पडलं नाही.

परवा कुणा नव्याने विचारलं, 'अकरावी सूचना कळली नाही.' अकरावी आत्याने स्वतः लिहिलेली, तीनदा तपासलेली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने टाइप केलं, 'पानावर सगळं लिहिलंय.' बोट पाठवायच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

मग तिने ते सगळं पुसलं, वही ओढली आणि नव्या ओळीवर आकडा घातला, वीस. 'सांगा,' तिने लिहिलं, 'नक्की कुठे अडलात?'