खोटी भूक

आमच्या कार्यालयातल्या टेलिफोन ऑपरेटरबाई एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसल्या. पलीकडचा माणूस खरंच घाईत आहे की घाईचं सोंग करतोय, हे त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. स्वतःला भूक लागली आहे की नाही, हे मात्र कळायचं नाही. ते त्यांच्या ताईंना कळायचं.

आई लवकर गेली, तेव्हा आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईंनी त्यांना वाढवलं. बाई विशीत असताना त्यांना बघायला आलेल्या मंडळींनी "मुलगी अंगाने जरा जास्तच आहे" असा निरोप धाडला. त्या दिवसापासून ताईंनी धाकटीच्या भुकेचे दोन भाग पाडले, खरी आणि खोटी. खऱ्या भुकेत डोकं दुखतं. दुखत नसेल तर ती खोटी, आणि खोट्या भुकेला पाणी. निवाडा ताईंचा. लग्न दोघींचंही झालं नाही आणि तीस वर्षांत निवाडा एकदाही फिरला नाही.

गेल्या वर्षी बाई कार्यालयाच्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी त्यांना एका आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. ती जेमतेम तिशीची मुलगी. तिने एक वही दिली. खाण्याआधी आणि खाताना पोटाला विचारायचं आणि आकडा लिहायचा. शून्य म्हणजे पोट तट्ट भरलेलं, दहा म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी. पाच झाले की खायचं, दोनवर थांबायचं. सहा आठवड्यांनी वही दाखवायची.

"पोट खोटं बोलत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं ऐकायचं सोडलंय, इतकंच."

पहिल्या आठवड्यात बाईंनी प्रत्येक रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत आवक-जावक कारकुनाला नवं खेळणं मिळालं.

"काय बाई, लागली का पोटाची लाइन?"

"अजून एंगेज आहे."

"ट्रंक कॉल लावा. एवढ्या मोठ्या पोटात आत पोचायला वेळ लागणारच."

सगळे हसले. मीही हसलो. बाईसुद्धा हसल्या, पण वही भरायचं त्यांनी सोडलं नाही.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सव्वाअकरा वाजता, त्यांनी कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्या टेबलाकडे वळल्या.

"साहेब, मला भूक लागलीय. सहा."

"मग खा की."

"पण डोकं दुखत नाहीये."

"भूक पोटात लागते ना?"

त्यांनी डबा उघडला. अर्धा संपला तेव्हा त्यांचा हात थांबला. "बस झालं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. दिवसभर त्या फोनवर इतक्या गोड बोलत होत्या की दोन जणांनी उगाचच पुन्हा फोन केला.

त्या संध्याकाळी ताई वाढायला बसल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "अर्धंच वाढ, ताई. तीनच आहे."

"काय तीन?"

वही बाहेर आली. ताईंनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली. बाईंना वाटलं, आता फाडणार. ताई ओरडल्यासुद्धा नाहीत. त्यांनी पेन मागितलं.

"सव्वाअकराला सहा? डोकं दुखत होतं?"

"नाही."

"मग सहा कशी गं? दोन." त्यांनी आकडा खोडला. "आणि हे काय अक्षर! राहू दे, यापुढे मीच लिहीन."

पुढचे आकडे ताईंच्या हातचे. बाई सात म्हणायच्या, ताई तीन लिहायच्या.

सहा आठवडे झाल्यावर दोघी मिळून गेल्या. आहारतज्ज्ञ मुलीने पानं चाळली. शेवटी शेवटी तर एकही रकाना रिकामा नव्हता, कुठे खाडाखोड नव्हती.

"वा, छान सुधारणा आहे! आता कळते ना भूक?"

बाईंनी ताईंकडे पाहिलं.

"कळते हो," ताई म्हणाल्या. "मी आहे ना."

"घरच्यांची साथ असली की असंच होतं," ती मुलगी म्हणाली. तिने नवी कोरी वही ताईंच्या हातात दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मला सांगताना बाईंचा आवाज रोजच्यासारखाच होता, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगतानाचा. साडेअकराच्या सुमाराला त्यांनी पिशवीतून केळं काढलं, अर्धं सोललं आणि थांबल्या. मग घरचा नंबर फिरवला.

"ताई, मी बोलतेय. भूक लागल्यासारखी वाटतेय… सात असेल… नाही, डोकं नाही दुखत… नाही गं, खरंच नाही दुखत… बरं."

फोन ठेवून त्यांनी केळ्याची साल पुन्हा वर ओढून नीट मिटवली आणि आमच्या म्हाताऱ्या शिपायाला हाक मारून ते त्याच्या हातात दिलं. त्याचं नुकतंच खाणं झालं होतं. तरी त्याने ते त्यांच्यासमोर उभ्या-उभ्या खाल्लं.