पाय अलगद ठेवा, बाई

आमच्या आत्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की बाबा सोडून कुणी मध्ये पडत नाही. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते घसा खाकरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "मी काही बोलत नाही, पण..." त्यानंतर ते पाऊण तास बोलतात. घरात अशी दोन माणसं असली की तिसऱ्याला फक्त कान लागतात.

आत्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. पायाने पट्टी दाबली की वरचं गरम झाकण खाली यायचं, वाफ सुटायची आणि चादर सरळ. हॉटेलने धुलाई बाहेर द्यायला सुरुवात केली आणि आत्या घरी बसली. घरी म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत, घडीच्या खाटेवर. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली रिकामी होती. येता-जाता तिची नजर त्या खिडकीवर जायची. "एक खोली, एक दार, आणि दाराला आतून कडी," ती म्हणायची. "एवढंच."

तेवढ्यात ट्रक कंपनीची जाहिरात आली. ट्रक चालवायला शिका, फी नाही, शिकताना पगार. आत्या गेली. तिथल्या मॅडमचं बोलणं तिने घरी येऊन जसंच्या तसं ऐकवलं, साखरेत घोळवून.

"आपण फी भरत नाही. आपण फक्त सही करतो. पास झाल्यावर आपण वर्षभर इथेच गाडी चालवतो आणि फी पगारातून थोडी थोडी जाते."

"आणि पास नाही झाले तर?"

"तर आपण ती एकदम भरतो."

"आपण म्हणजे तुम्ही की मी?"

मॅडम गोड हसल्या. "आपण."

आत्याने सही केली. शिकताना मिळणारा पगार इस्त्रीच्या पगाराच्या निम्मासुद्धा नव्हता. पास झाल्यावर आधी जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून अर्धा दर, मग एकटीला पूर्ण. तोही किलोमीटरवर. चाकं फिरली तर पैसे. गोदामापुढे रांगेत उभं राहिलं तर उभ्या उभ्या म्हातारं व्हायचं, तेही फुकट.

शिकवणाऱ्या मास्तरांना सगळी तुकडी भोंगा म्हणायची. ते कानात कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. "आरसा बघा! आरशात तोंड नका बघू, मागचं चाक बघा! कळलं की नाही कळलं?" आत्या त्यांना पुरून उरली. तिला आरसा बघ म्हटलं की ती म्हणायची, "बघितला. कुणी पुसलाय हो हा, डोळे मिटून?"

खरी अडचण ब्रेकची होती. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. परीक्षेत इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि समोरच्या हवेच्या काट्याकडे बघत राहायचं. काटा जागेवर राहिला तर ठीक. घसरला तर हवा कुठेतरी गळतेय. शिकायची गाडी जुनी होती आणि तिची हवा गळत होती. पण पायपट्टी गच्च दाबली तरच.

म्हणून भोंगा मास्तर शिकवायचे, "पाय अलगद ठेवा, बाई! झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवतो ना, तसा. गच्च दाबला की काटा पडतो. काटा पडला की गाडी नापास, गाडी नापास की तुम्ही नापास!"

"आणि रस्त्यात कुणी आडवं आलं तर? तेव्हाही बाळ झोपलंय का?"

"रस्त्यावरच्या गाड्या वेगळ्या हो. ही शिकायची गाडी."

"मग दुरुस्त करा ना."

मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अर्ज दिलाय. तुमची तुकडी पास झाली की बघू म्हणालेत. तुम्ही पास झालात तर मला पुढची तुकडी. नाहीतर मीही घरी."

एका सकाळी आत्या तीच गाडी गोदामामागच्या उतारावरून खाली आणत होती. खाली एक माळी कुंड्यांची हातगाडी ढकलत रस्ता ओलांडायला लागला. आत्याने ब्रेक दाबला. गाडी मंदावली, थांबली नाही. पुन्हा दाबला. समोर हवा संपत आल्याचा लाल दिवा लागला, पिपाणी वाजायला लागली, काटा खाली आणि गाडी अजून पुढेच. थांबली तेव्हा माळी हातगाडी सोडून भिंतीला चिकटला होता, आणि पहिल्या कुंडीचं रोप गाडीच्या पुढच्या पत्र्याला टेकलं होतं.

त्या दिवशी आत्या ताटातली भाकरी नुसती चिवडत बसली. आईने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मग आत्याने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "परीक्षेत मी गच्च दाबणार."

"मी काही बोलत नाही," बाबा म्हणाले, "पण ताई, आधी पास हो. मग कर काय समाजसेवा करायची ती."

"आणि माझ्यानंतर त्या गाडीवर कोण बसेल?"

"तो बघेल की त्याचं! फी एकदम भरायची वेळ आली तर कुठून आणणार? मी काय खिडकीत वाळत घातलीय?"

आत्याने ताट उचललं आणि आत गेली.  

परीक्षेचं मी पुढे सांगते ते आत्याकडून आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्या शिंप्याकडून ऐकून. दोघांचं पटत नाही, पण घडलं तेच सांगतात.

आत्या आधी एकदा गाडी मागे घेताना खांबाला लावून नापास झाली होती. ही शेवटची संधी. सही केलेल्या कागदातली मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यानंतर फी एकदम. शिंपी तिच्या आधी बसला. शिकतानाच्या पगारात घर चालेना म्हणून त्याने शिलाई मशीन विकून टाकलं होतं. पाय अलगद ठेवून तो पास झाला आणि उतरताना कुजबुजला, "ताई, हलकं. काचेवर पाय ठेवल्यासारखं."

परीक्षक साहेब मान वर न करणारे. "बोला." "पुढे." एवढेच त्यांच्याकडचे शब्द. आत्या चढली, इंजिन बंद केलं, पाय ठेवला. तिने ठरवलं होतं गच्च दाबायचं, पण पायाने ऐकलंच नाही. पाय आपला बाळाच्या पाठीवर. काटा जागेवर. साहेबांनी बरोबरची खूण केली.

"पुढे."

आत्या हलली नाही.

"बाई, पुढे."

खाली मास्तर डोळे वटारून मान हलवत होते. चला, चला.  आत्या म्हणाली, "साहेब, मी नीट दाबलाच नाही."

आणि तिने दाबला. इस्त्रीची पट्टी दाबायची तसा, सगळा भार टाकून. गाडीखालून फुस्स असा लांबलचक आवाज आला आणि काटा खाली, खाली, पार लाल पट्ट्यात. पिपाणी वाजली. साहेबांनी मान वर केली.

"कुणी शिकवलं अलगद ठेवायला?"

आत्याने मास्तरांकडे बघितलं नाही. "पाय घाबरला, साहेब."

साहेब खाली उतरले. "गाडी बाद. आजचे या गाडीवरचे सगळे निकाल रद्द."

शिंपी पुढे धावला. "ताई! हात दाखवून अवलक्षण! तुमचं गेलं ते गेलं, माझं कशाला घेऊन गेलात? मशीन विकलंय मी, मशीन!"

आत्या घाईने गाडीतून खाली उतरली. 

"दुसरी गाडी आहे?" साहेबांनी विचारलं. "मी जेवणापर्यंत आहे. नंतर पुढच्या महिन्यात."

दुसरी गाडी होती. फाटकाशी, नवीन, अर्धी भरलेली, निघायच्या तयारीतली. मास्तरांनी ऑफिसला फोन लावला. पलीकडून मॅडमचा गोड आवाज सगळ्यांना ऐकू गेला, की आपण ती गाडी देऊ शकत नाही, आपला माल उशिरा जाईल. मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाहीये!" भोंगा म्हणाला, आणि फोन खिशात टाकला. चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरच्या हातातून त्यांनी किल्ली घेतली आणि आत्याला दिली. "गिअर घट्ट आहेत. जोर लावा. मला काही विचारू नका."

ब्रेक दाबला. काटा जागेवर. आत्याने खात्री म्हणून आणखी दाबला. जागेवर. गाडी सुरू करताना एकदा बंद पडली. साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं. खांबांमधून गाडी मागे घेताना आत्या दोनदा उतरून मागे बघून आली. शिंपी लांबून ओरडला, "अहो, किती वेळ!" मग रस्ता, मग गोदामामागचा उतार. उतारावर मध्येच साहेब म्हणाले, "थांबवा." तिने दाबला. गाडी उभी राहिली, साहेबांचं पेन मात्र काचेवर जाऊन आपटलं.

साहेबांनी ते उचललं आणि कागदावर सही केली. "पास. पुढे कोण?"

आत्या उतरली आणि पायरीवरच बसली. शिंपी तिच्याकडे न बघता बाजूने वर चढला. इंजिन बंद केलं. मास्तर सवयीने म्हणायला गेले, "पाय अल..." आणि थांबले.

शिंप्याने पाय उचलला आणि टाकला. सीट करकरली. काटा जिथल्या तिथे. साहेबांनी खूण केली, "पुढे" म्हणाले, पुन्हा म्हणाले. शिंपी काट्याकडे बघत तसाच बसून राहिला, पाय गच्च दाबून.