मॅट्रिक्स सर

मॅट्रिक्स सर वर्गात कधी ओरडले नाहीत. ते फक्त खडू पुढे करायचे. ज्याच्या हातात खडू आला त्याने फळ्यापाशी जायचं आणि गणित सोडवायचं. चुकलं तर सर 'चूक' म्हणत नसत, 'शोध' म्हणत, आणि ती सापडेपर्यंत जागेवर परतायची सोय नव्हती. देवळालीहून पॅसेंजरने येताना, आज खडू माझ्याकडे नको, एवढंच मी रोज मनात म्हणायचे.

सर वणीकडच्या शेतकरी घरातले. पुण्यात पीएच.डी. केली, मुंबईची नोकरी नाकारली आणि नाशिकच्या कॉलेजात लिनियर अल्जिब्रा शिकवायला आले. चिडले की गावची भाषा तोंडात यायची. दोन मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या दोन चौकटींच्या, गुणाकारात क्रम बदलला की उत्तरही बदलतं, हे आम्ही हमखास विसरायचो. मग एखाद्याला ते म्हणायचे, "आधी बनियन, मग शर्ट. उद्या उलटं घालून ये. लय शोभून दिसशील!" हसायची मात्र कुणाची टाप नव्हती.

एरवी त्यांचं जग म्हणजे पंचवटीतली खोली आणि एक प्रमेय. त्याच्या सिद्धतेमागे ते कित्येक वर्षं होते. आम्ही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना ती पुरी झाली आणि दिल्लीच्या परिषदेचं बोलावणं आलं. त्यांचे वडील पेढे घेऊन कॉलेजात आले. "पोरगं दिल्लीला चाललंय गणित सांगायला," असं शिपायापासून सगळ्यांना सांगत होते.

जाण्याआधी सरांनी ती सिद्धता आम्हाला फळ्यावर करून दाखवली. सर अर्ध्यावर आले आणि माझं पेन थांबलं. एका ओळीत त्यांनीच दोन मॅट्रिक्सचा क्रम बदलला होता. माझंच चुकत असू दे, असं मी देवाला विनवलं. मी गप्प बसले तर दिल्लीत भर सभेत कुणीतरी उठणार होतं. बोलले तर आज, इथे, मीच. मी हात वर केला.

"सर, त्या ओळीत... क्रम उलटा झालाय."

सर फळ्याकडे वळून ती ओळ पुन्हा तपासू लागले. तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. ते वळले तेव्हा वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भीती वाटली का गं सांगताना?"

"हो, सर."

"मलाही या ओळीची वाटायची," ते हळूच म्हणाले. "म्हणून दर वेळी भरभर लिहून पुढं जायचो. नीट बघितलंच नाय कधी."

सर दिल्लीला गेले नाहीत. ती ओळ त्यांना शेवटपर्यंत दुरुस्त करता आली नाही. त्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला.

आज मीही शिकवते. वर्गाची भीती केव्हाच गेली. पण लिहिता लिहिता एखाद्या ओळीवर माझा हात उगाच घाई करू लागला की सर आठवतात. मी थांबते, ती ओळ पुसते आणि पुन्हा सावकाश लिहिते.