एका बाहीचा स्वेटर

पनवेलमध्ये स्वेटर घालायचे कुणी? आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे पंखा जरा हळू करायचा, एवढंच. त्यामुळे समोरच्या ब्लॉकमधल्या भाभी भर ऑक्टोबरात घाम पुसत लोकर विणताना दिसल्या, तेव्हा मला आधी हसूच आलं. त्यांचे यजमान तळोज्याच्या कारखान्यात होते, माहेर पार हिमाचलात. भाजीवालीशी घासाघीस करतानाही त्यांच्या सुया थांबत नसत. कात्री नाही, मशीन नाही, आणि एका धाग्यातून गळा, खांदा, काख निघते कशी? एखादी गोष्ट कळली नाही की मला चैन पडत नाही. मी सरळ जाऊन शेजारी बसले.

मला तेव्हा सातवा महिना होता. "अपने बच्चे का बनाओ, छोटा है, जल्दी सीखोगी," भाभी म्हणाल्या.

सुलट टाका आला, उलट आला. एक सुलट, एक उलट असं विणलं की पट्टी रबरासारखी ताणली जाते, याचं मला इतकं अप्रूप की जेवताना नवऱ्याला ती ताणून ताणून दाखवली. तो म्हणाला, "छान. आता आमटी वाढ."

सासूबाईंनी मात्र पिवळी लोकर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आदल्या वर्षी मी हौसेनं झबली आणून ठेवली होती आणि पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं. त्या झबल्यांबद्दल सासूबाई कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मला राग त्या न बोलण्याचाच होता.

"लोकरीनं काय होतंय?" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"काही होत नाही गं. पण एक बाही विणायची ठेव. अपुरं राहिलं की केल्यासारखं होत नाही."

मी कबूल झाले. एक बाही भाभींनी माझा हात धरून करून घेतली. काखेपाशी टाके उचलायचे, मग अधूनमधून दोन टाके एकत्र विणत मनगटाकडे निमुळतं होत जायचं. ती जमली ती भाभींच्या जोरावर. माझी मला येते का, हे बघायचं तर दुसरी बाही हवी, आणि नेमकी तीच विणायची नव्हती! थोडे दिवस दम धरला. मग सासूबाई दुपारी भजनाला गेल्या की विणायचं आणि त्या यायच्या आत उसवायचं, असा उद्योग सुरू केला. एकदा बाही इतकी अरुंद झाली की तिच्यात माझा अंगठाही जाईना. एकदा काखेत भोक पडलं. ते का पडलं हे शोधण्यात मी चहा उतू घालवला.

एके दिवशी त्या लवकर परतल्या आणि मी धागा ओढताना सापडले. आता ऐकून घ्यावं लागणार, असं वाटलं. त्यांनी धागा माझ्या हातातून काढून घेतला.

"पोटुशी बाईनं स्वतःच्या हातानं उसवू नये. वीण तू, उसवते मी."

मग रोजचंच झालं. बाही त्या आधी उलटसुलट करून बघायच्या, "आज बरी झालीय हो," म्हणायच्या, आणि शांतपणे उसवून गुंडा करायच्या. मला मनातून हसू यायचं, आणि त्यांची फार माया वाटायची.

डिसेंबरात एका दुपारी बाही अगदी मनासारखी आली. शेवटचा टाका बंद केला आणि कळ आली. पिशवी, रिक्षा, एकच धावपळ. नर्सिंग होमच्या पायऱ्यांवर मला आठवलं आणि पायच उचलेना. इतके दिवस त्यांच्या भीतीला हसणारी मी त्यांचा हात धरून रडायला लागले.

"आई, बाही उसवायची राहिली. तुम्ही आधी घरी जा."

त्यांनी मला हाताला धरून पुढच्या पायरीवर घेतलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "बाळाला हात दोन असतात."

दिवेलागणीला मुलगी झाली आणि खणखणीत रडली. सासूबाईंनी तिला डोळे भरून पाहिलं आणि कुणाला काही न सांगता घरी गेल्या. परत आल्या त्या स्वेटर घेऊनच.